स्मृतिदिन वर्षभर असावा: माझ्या पतींच्या मित्रांना खुले पत्र

प्रति,
माझ्या दिवंगत पतींचे सर्व मित्र व सहकारी यांस,

स.न.वि.वि.

त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी आपण जो कार्यक्रम आखला आहे, त्याचा तपशील आपल्यापैकी काही जणांनी घरी येऊन मला सांगितला. त्या दिवशी एक मोठे रक्तदान शिबिर भरवावे, त्यांच्याविषयीच्या लेखांचा स्मृतिग्रंथ प्रकाशित करावा, सभागृहात त्यांचा अर्धपुतळा बसवावा आणि त्याच समारंभात माझा सत्कार करावा, असे ठरत असल्याचे कळले. यामागचे आपले प्रेम मी जाणते. ते गेल्यानंतर आपण या घराला ज्या रीतीने सावरले, ते मी जन्मभर विसरणार नाही. तरीही या आखणीतल्या काही गोष्टी त्यांच्या जगण्याशी जुळत नाहीत असे मला मनापासून वाटते, आणि हे एकेकट्याजवळ बोलत बसण्यापेक्षा सर्वांसमोर स्पष्टपणे मांडलेले बरे, म्हणून हे पत्र खुले ठेवले आहे. आपापल्या माणसांची स्मृती कशी जपावी, या विचारात असलेल्या इतरांनाही कदाचित यातले काही उपयोगी पडेल.

सर्वांत आधी शिबिराविषयी लिहिते, कारण मला सर्वाधिक खटकले ते तेच. त्यांनी उमेदीची सगळी वर्षे रक्तदात्यांची यादी सांभाळण्यात घालवली, म्हणून स्मृतिदिनी विक्रमी रक्तदान घडवावे, हा विचार वरवर पाहता स्वाभाविक आहे. परंतु ज्यांनी त्यांना हे काम करताना जवळून पाहिले आहे, त्यांना आठवत असेल की एकाच दिवशी शेकडो दाते जमवण्याला त्यांचा कायम विरोध होता, आणि तो केवळ साधेपणाच्या आवडीतून आलेला नव्हता. रक्त साठवण्याला मर्यादा असतात. वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात जपून ठेवल्या तरी फार तर ४२ दिवस वापरता येतात. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवूनही साधारण ५ दिवसच टिकतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, गोठवून वर्षभर ठेवता येतो, पण भरपूर रक्त गेलेल्या रुग्णाचे नुसत्या प्लाझ्माने भागत नाही. शिवाय एकदा रक्त दिलेल्या माणसाला पुन्हा देण्यापूर्वी तीन-चार महिने थांबावे लागते. त्यामुळे ओळखीच्या सगळ्या दात्यांनी एकाच दिवशी रक्त दिले, तर रक्तपेढीत काही दिवस ते ठेवायला जागा पुरत नाही, मुदत संपल्यामुळे त्यातले काही टाकून द्यावे लागते, आणि त्यानंतर खरी निकड उभी राहिली की ज्याला फोन करावा तो नुकताच देऊन मोकळा झालेला असतो. हे गणित त्यांनी आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी, कागदावर रेघा ओढून, समजावून सांगितलेले आहे.

ज्यांच्यासाठी ते हा आटापिटा करत, त्यांत थॅलेसेमियाची मुले सर्वांत पुढे होती. या आजाराच्या तीव्र प्रकारात शरीर पुरेसे हिमोग्लोबिन तयारच करू शकत नाही, त्यामुळे मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि अस्थिमज्जेचे रोपण शक्य झाले नाही तर हे आयुष्यभर चालते. एका मुलाच्या एका वर्षाचा विचार केला तरी किती दाते लागतात, आणि ते एकामागून एक, ठरावीक अंतराने कसे लागतात, हे लक्षात येईल. अशा मुलाच्या आईवडिलांना एका दिवसाच्या विक्रमाचा काय उपयोग? त्यांना हवा असतो तो सुट्यांच्या दिवसांत, कडक उन्हाळ्यात, सगळे गावोगाव पांगलेले असताना सुद्धा येईल असा एक माणूस. तो माणूस शोधून देणे हेच माझ्या पतींचे काम होते.

त्या कामाची पद्धत मी येथे सविस्तर लिहिते आहे, कारण ती अनेकांनी दुरून पाहिली असली तरी तिचे मर्म फारच थोड्यांना माहीत आहे. त्यांच्या वह्यांमध्ये नावे वर्णानुक्रमाने नव्हती. रक्तगट, शेवटचे दान केव्हा झाले आणि पुढे केव्हा देता येईल, यांनुसार ती मांडलेली होती, आणि प्रत्येक दानानंतर नाव खोडून पुढच्या महिन्याच्या पानावर नव्याने लिहिले जाई. नावापुढे बारीक अक्षरांत त्या माणसाची सोय लिहिलेली असे: रात्रपाळी असल्याने सकाळी फोन करू नये, सुई पाहून घाबरतात म्हणून सोबत जावे, घरात तान्हे मूल आहे. एखाद्याने नकार दिला तर "पुन्हा विचारू नये" एवढेच लिहीत आणि त्याच्याशी असलेली मैत्री तशीच राखत. नकाराचे कारण त्यांनी कधी कोणाला विचारले नाही, कारण ते आजाराचे असू शकते, भीतीचे असू शकते, आणि दोन्ही त्या माणसाच्या खासगी गोष्टी आहेत असे ते मानत. रक्त दिलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन जाई. या शेवटच्या फोनविषयी मला विशेष सांगावेसे वाटते. माणूस दुसऱ्यांदा रक्त द्यायला येतो तो बहुधा पहिल्या वेळी त्याची विचारपूस कशी झाली यावरून, असे त्यांचे निरीक्षण होते, आणि मी त्यांच्याशेजारी बसून जे पाहिले त्यावरून मलाही ते पटलेले आहे.

भेटवस्तू देऊन दाते गोळा करणे त्यांना मान्य नव्हते. स्वेच्छेने आणि विनामोबदला दिलेले रक्त सर्वांत सुरक्षित असते, कारण अशा दात्याला स्वतःच्या आजाराविषयी काही लपवण्याचे कारण उरत नाही, ही त्यांची भूमिका होती. जागतिक आरोग्य सभेनेही १९७५ साली ठराव करून सर्व देशांना याच मार्गाने जाण्याचे आवाहन केले होते. शिबिरात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे छायाचित्र छापलेली वस्तू द्यावी, अशी एक सूचना माझ्या कानावर आली आहे. ती कृपया मागे घ्यावी.

माझी विनंती अशी आहे की, स्मृतिदिनी मोठे शिबिर न भरवता त्या वह्यांतील यादी बारा महिन्यांत वाटून घ्यावी. आपल्यापैकी दोघातिघांनी मिळून एकेका महिन्याची जबाबदारी पत्करावी, त्या महिन्यात ज्यांची पाळी आहे त्यांना फोन करावा, हवे असल्यास सोबत जावे आणि दुसऱ्या दिवशी विचारपूस करावी. त्यांच्या स्मृतिदिनीसुद्धा ज्यांची वेळ आली असेल तेवढ्यांनीच रक्त द्यावे. यात छायाचित्रे छापून येण्यासारखे काही नाही, हे मला कळते. पण हे काम एका माणसाच्या अंगावर होते, आणि तो माणूस गेल्यापासून त्या वह्यांमधली पाने पुढे सरकलेली नाहीत. त्यांच्या जाण्याने जी खरी पोकळी निर्माण झाली ती त्या पानांवर दिसते. तिथे भाषणे पोहोचत नाहीत.

एक दक्षता मात्र घ्यावी लागेल. त्या वह्यांतली नावे, दूरध्वनी क्रमांक, रक्तगट आणि घरगुती तपशील लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवून दिलेले आहेत. तो विश्वास आपल्या मित्रमंडळाकडे आपोआप वारसाहक्काने येत नाही. म्हणून प्रत्येकाला मी स्वतः फोन करीन, ते गेल्याचे ज्यांना अजून ठाऊक नसेल त्यांना सांगीन, आणि यापुढे मंडळातील कोणी संपर्क साधला तर चालेल का, हे विचारीन. जे नको म्हणतील त्यांची नावे त्याच वह्यांत राहतील. जे हो म्हणतील त्यांची माहितीसुद्धा कोणत्याही व्हॉट्सअॅप गटावर टाकली जाऊ नये, ही माझी अट समजावी.

त्यांचे दुसरे काम फार जणांना ठाऊक नाही, कारण त्याची वही नव्हती. ज्या घरात मृत्यू झाला असेल त्या घरी पहिल्या दिवसांत सगळेच जातात, तसे तेही जात. पण त्यांचे खरे जाणे गर्दी ओसरल्यानंतर सुरू होई. विशेषतः ज्यांची पत्नी गेली आहे असे वयस्कर पुरुष त्यांना फार अस्वस्थ करत. बायका एकमेकींजवळ बोलतात, रडतात. हे पुरुष मात्र दार लावून घेतात आणि आपण बरे आहोत असे सांगत राहतात, असे ते म्हणत. त्यांची ही काळजी निराधार नव्हती. ब्रिटनमध्ये मनोविकारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या ४,४८६ विधुरांचा पाठपुरावा करून १९६९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांचे मृत्यूचे प्रमाण त्यांच्या वयाच्या विवाहित पुरुषांच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले होते. माझे पती अशा घरी जाऊन सांत्वन करत नसत. ते काहीतरी निमित्त काढत: एक अर्ज भरून हवा आहे, एक पत्र वाचून दाखवा, डॉक्टरांकडे मलाही जायचे आहे तर बरोबर जाऊ. औषधे वेळेवर घेतली जात आहेत का आणि माणूस जेवतो आहे का, हे ते बोलण्याच्या ओघात पाहून येत. अशी निदान चार-पाच घरे आजही त्यांच्या येण्याची वाट पाहत असतील. ती कोणती हे मी आपल्याला खासगीत सांगीन. सभागृहातल्या पुतळ्यासाठी जितका वेळ आणि जितके पैसे आपण खर्च करणार आहात, त्यातला वेळ तरी या घरांना मिळावा. पुतळ्याविषयी मला याहून अधिक काही लिहायचे नाही. तो करू नये.

आता स्मृतिग्रंथाविषयी. तो व्हावा असे मलाही वाटते, परंतु त्यात काय यावे याविषयी माझे ठाम म्हणणे आहे. आपल्याकडे गेलेल्या माणसावर लिहिताना विशेषणांची रास रचली जाते आणि त्या राशीखाली माणूस दिसेनासा होतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ साली गेले. त्यांचे सार्वजनिक कार्य इतिहासकारांनी नोंदवलेच, पण घरातले रानडे आज आपल्याला दिसतात ते रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींमुळे. लग्न होऊन आलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला लिहायला-वाचायला शिकवणारा, त्यापायी घरातल्यांचा रोष पत्करणारा नवरा त्या लेखनात आहे. त्या आठवणींत मोठेपणाची घोषणा क्वचितच आढळते. प्रसंग आहेत, संवाद आहेत, कोण कोणावर कशासाठी रागावले ते आहे. म्हणून माझी विनंती की, प्रत्येकाने त्यांचा स्वतः पाहिलेला एक प्रसंग लिहावा. "ते देवमाणूस होते" हे वाक्य कोणत्याही लेखात नसावे, कारण त्यातून त्यांच्याविषयी काहीच कळत नाही, आणि ते खरेही नाही.

ते माणूस होते. उशीर करणाऱ्यांवर ते फार चिडत, आणि चिडले की समोर कोण आहे याचे भान त्यांना राहत नसे. आपल्यापैकी कित्येकांनी ते बोलणे ऐकून घेतले आहे, ते लिहावे. दिलेला शब्द पाळण्याच्या नादात ते स्वतःच्या प्रकृतीकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करत राहिले, याचा मला आजही राग येतो. तोही ग्रंथात यावा. बैठकीत मतभेद झाला तर ते सहजासहजी माघार घेत नसत, पण निर्णय विरुद्ध गेला की दुसऱ्या दिवशी त्याच निर्णयाचे काम सर्वांआधी करायला घेत. हा त्यांचा गुण मला त्यांच्या सगळ्या दानशूरतेपेक्षा मोठा वाटतो, आणि सार्वजनिक काम करणाऱ्यांत तो दुर्मीळ आहे.

घरातले ते कसे होते, हे मी लिहीन. रात्री-अपरात्री फोन आला की ते कपडे बदलत आणि मी वहीतून क्रमांक वाचून दाखवी, हे आपल्याला माहीत आहे. माहीत नाही ते असे की, रविवारची दुपार ते कोणालाही देत नसत. त्या वेळी मी वाचायची आणि ते ऐकायचे, हा आमचा नेम होता; त्यांना काही पटले नाही की ते मध्येच थांबवून वाद घालत आणि पुस्तक बाजूलाच राहून जाई. मी नोकरी सोडावी असे घरातल्या मोठ्यांनी सुचवले, तेव्हा त्यांनी माझ्या वतीने उत्तर दिले नाही. "तिला विचारा," एवढेच म्हणाले आणि माझे उत्तर येईपर्यंत तिथेच बसून राहिले. समाजासाठी झटणाऱ्या माणसांच्या चरित्रांत त्यांच्या पत्नीने केलेल्या त्यागाचे कौतुक हमखास असते. माझ्याबाबतीत तसे लिहू नये. मला कोणी त्यागाला जुंपले नव्हते. त्या कामातला माझा वाटा मी माझ्या खुशीने उचललेला होता आणि त्यांनी तो नेहमी माझ्या नावावर मांडला.

म्हणूनच सत्कार मला नको आहे. मला काम हवे आहे. शास्त्रज्ञ पिअर क्यूरी १९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसमध्ये घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून गेले, आणि त्यांची अध्यापनाची जबाबदारी त्यांच्या पत्नी मेरी क्यूरी यांच्याकडे आली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सॉर्बोन विद्यापीठातील मेरी यांचे पहिले व्याख्यान ऐकायला मोठी गर्दी लोटली होती. दिवंगत पतीविषयी त्या काही भावपूर्ण बोलतील अशी लोकांची अपेक्षा होती. मेरीबाईंनी पिअर यांनी जिथे विषय सोडला होता, नेमक्या तिथून भौतिकशास्त्र पुढे शिकवायला सुरुवात केली. त्यांचे दुःख उथळ होते असे कोण म्हणेल? त्या काळात त्या पिअर यांना उद्देशून रोजनिशी लिहीत होत्या. आपल्याकडे महात्मा फुले १८९० साली गेल्यानंतर सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे नेले, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच त्यांना संसर्ग होऊन मृत्यू आला. या थोर स्त्रियांशी माझी बरोबरी होऊ शकत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु पतीच्या स्मृतीला सर्वांत जवळ नेणारी वाट त्याच्या अर्धवट राहिलेल्या कामातून जाते, हे त्यांच्याकडे पाहून मला कळते, आणि त्या वाटेवर मला व्यासपीठावरची खुर्ची अडचणीची ठरेल.

जाता जाता एक वैयक्तिक गोष्ट सांगते. आपण मला भेटता तेव्हा त्यांचा विषय जाणूनबुजून टाळता. मला त्रास होऊ नये हा त्यामागचा हेतू असतो. पण तो विषय टाळला की मला अधिक एकटे वाटते. काही जण दुःखाच्या पायऱ्या सांगून, मी आता स्वीकाराच्या पायरीवर यायला हवे असेही सुचवतात. त्या पाच पायऱ्या मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या त्या मुख्यतः मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढल्याच पाहिजेत असा काही नियम नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलेले म्हणणे मला माझ्या अनुभवाच्या अधिक जवळचे वाटते: शोक करणारे माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडते आणि कधी पुढच्या आयुष्याच्या व्यवहारात गुंतते, आणि हे जाणे-येणे हेच सावरण्याचे स्वाभाविक रूप असते. तेव्हा मी हसत असताना आपण दचकू नये आणि डोळ्यांत पाणी आले म्हणून विषय बदलू नये. त्यांच्याविषयी बोलावे. मला माहीत नसलेले काही आपल्याजवळ असेल तर ते आवर्जून सांगावे. त्यांच्या आयुष्याचा तेवढा भाग मला नव्याने मिळेल.

स्मृतिदिनाला अजून अवधी आहे. तोवर मंडळाची एक बैठक आमच्या घरी घ्यावी, असे मी सुचवते. सगळ्या वह्या मी काढून ठेवल्या आहेत, आणि ज्यांची पुन्हा रक्तदान करण्याची वेळ होऊन गेली आहे, अशांना फोन करण्यास मी सुरुवात केली आहे. दर महिन्याच्या जबाबदारीसाठी कोण पुढे येणार, ती चार-पाच घरे कोणी वाटून घ्यायची आणि स्मृतिग्रंथासाठी प्रसंग कोणाकडे पाठवायचे, एवढे तीनच विषय त्या बैठकीत असावेत. निगेटिव्ह रक्तगटांच्या दात्यांची यादी सर्वांत तोकडी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करावी लागेल. ज्यांना सायंकाळी येणे जमणार नाही त्यांनी आपली सोयीची वेळ मला कळवावी. त्याप्रमाणे बैठकीची वेळ ठरवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वहिनी